चेंडू उजवीकडे, दोष डाव्या तळव्यात: उद्यमबागेतल्या एका गोल्फरच्या पकडीचं प्रकरण

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात स्वतःचं मशीन शॉप चालवणारे एक गृहस्थ. पन्नाशीला टेकलेले, अंगाने दणकट, उजव्या हाताने खेळणारे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून इथेही अण्णाच. तरुणपणी लेले ग्राउंडवर लेदर बॉलचं क्रिकेट खेळलेले. तिथेच एका झेलात उजव्या हाताची करंगळी दुखावली, ती मधल्या सांध्यात आजही पुरती वाकत नाही. या करंगळीकडे पुढे परत यावं लागणार आहे.

तक्रार एकच. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांबच्या फटक्याची काठी, मारला की चेंडू आधी थोडा डावीकडे निघतो, मग हवेत वळण घेत उजवीकडच्या झाडीत जातो. मधल्या अंतराच्या सेव्हन आयर्नला हेच, पण कमी. बेळगावात बहुतेकांना गोल्फचं मैदान ठाऊक झालं ते गोल्फमुळे नव्हे, बिबट्यामुळे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बिबट्या या मैदानाच्या झाडीत दडला, त्याला हुडकायला हत्ती आणले आणि आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. अण्णांचे चेंडू त्याच झाडीत जायचे आणि ते आणायला आत शिरताना कॅडी, म्हणजे बॅग सांभाळणारी पोरं, अजूनही कुरकुरायची.

मी गोल्फ शिकवतो. माझ्याकडे येण्याआधी अण्णांनी उपाय कमी केले नव्हते. एका मोठ्या शहरात जाऊन धडे घेतले होते, तिथे खांदे कसे फिरवायचे, वजन कुठल्या पायावर घ्यायचं हे शिकले. मोबाइलवर व्हिडिओ पाहून खाली येणाऱ्या क्लबची, म्हणजे काठीची, वाट बदलायचा प्रयत्न केला. शेवटी कंटाळून उभं राहतानाच डावीकडे तोंड करायला लागले, म्हणजे चेंडू वळून निदान मधे तरी पडेल. एवढं सगळं झालं, पण त्यांचे हात कुणी नीट पाहिलेच नव्हते.

ग्लोव्हला पडलेलं भोक

पहिल्या दिवशी मी त्यांना क्लब मारायला सांगितलाच नाही. बॅगेतले जुने ग्लोव्ह मागितले. तीन निघाले आणि तिघांनाही एकाच जागी भोक: डाव्या तळव्याच्या मनगटाकडच्या गादीवर, करंगळीच्या बाजूला. अण्णांचं त्यावर मत तयार होतं. "ग्लोव्हच टिकत नाहीत ओ. हल्ली माल हलका यायलाय."

मालाचा दोष नव्हता. बरोबर धरलेल्या क्लबवर ही गादी दांड्याच्या माथ्यावर बसते आणि तिथेच राहते, त्यामुळे कातडं घासायला जागाच उरत नाही. दांडा बोटांऐवजी तळव्यात आडवा धरला की गादी त्याच्या बाजूला सरकते, आणि प्रत्येक फटक्याला क्लबचं टोक तिथे कुरतडत राहतं. कुणाची पकड बघायची असेल तर मी आधी जुना ग्लोव्ह बघतो. माणूस तुमच्यासमोर सावरून धरतो, ग्लोव्हवर मात्र रोजची सवय उमटलेली असते.

मग एक साधी चाचणी. क्लब फक्त डाव्या हातात घ्यायचा, गादी दांड्याच्या वर आणि तर्जनी खालून आकड्यासारखी, बाकीची बोटं सोडायची आणि क्लब समोर उचलून धरायचा. गादी आणि तर्जनी या दोनच जागी तो तोलला गेला पाहिजे. अण्णांनी नेहमीसारखा क्लब धरून तीन बोटं सोडली आणि क्लबचं डोकं गपकन खाली आलं. ज्या हाताने दिवसभर जॉब चकमध्ये चढवायचे, त्याला साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा क्लब पेलेना. ते ओशाळले नाहीत, उलट त्यांना उत्सुकता वाटली. मशीनवाल्या माणसाचं हे बरं असतं. एखादी गोष्ट का बिघडली हे दिसलं की त्याला राग येत नाही.

नेहमीच्या पकडीचा फोटो त्यांच्याच डोळ्यांच्या उंचीवरून काढला. डाव्या मुठीची एकच गाठ दिसत होती. अंगठा दांड्याच्या बरोबर मधोमध, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधली 'व्ही'ची खाच हनुवटीच्याही डावीकडे रोखलेली. साधारण पकडीत वरून पाहताना दोन, फार तर तीन गाठी दिसायला हव्यात आणि ती खाच उजव्या कानाच्या आणि उजव्या खांद्याच्या दरम्यान कुठेतरी रोखलेली हवी. अण्णांचा हात त्यापेक्षा बराच डावीकडे वळलेला होता.

मग चेंडू उजवीकडे का वळायचा?

पूर्वी असं शिकवायचे की क्लब ज्या वाटेने येतो त्या दिशेने चेंडू निघतो आणि क्लबचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारा सपाट भाग, ज्या बाजूला त्या बाजूला वळतो. रडारवर चेंडू मोजायला लागल्यावर हे उलटं निघालं. चेंडू निघतो तो मुख्यतः टोल्याच्या क्षणी तोंड जिकडे असेल तिकडे. ड्रायव्हरला हा वाटा ८५ टक्क्यांच्या आसपास धरतात, आयर्नला त्याहून थोडा कमी. आणि वळण ठरतं ते तोंड आणि वाट यांच्यातल्या फरकावर.

अण्णांचा चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळतो, याचा अर्थ तोंड लक्ष्याच्या थोडं डावीकडे, पण वाट त्याहूनही डावीकडे. म्हणजे वाटेच्या मानाने तोंड उजवीकडेच, आमच्या भाषेत 'उघडं'. तळव्यात धरलेल्या क्लबला मनगट मोकळेपणी वळू देत नाही आणि डावीकडे फिरलेला हात टोल्याच्या वेळी तोंड बंद होऊ देत नाही. मग चेंडू उजवीकडे जाऊ नये म्हणून अंग आपोआप क्लब डावीकडे ओढतं. वाट जितकी डावीकडे तितकं वळण जास्त, आणि वळण जितकं जास्त तितका माणूस पुढच्या वेळी आणखी डावीकडे ओढतो. ड्रायव्हरच्या तोंडाला उतार (लॉफ्ट) कमी असल्यामुळे हा फरक जास्त उघडा पडतो, सेव्हन आयर्नला उलट फिरकी जास्त, म्हणून तिथे तेच दुखणं झाकलं जातं.

थोडक्यात, आधीच्या धड्यांमध्ये जी वाट सुधारायचा प्रयत्न चालला होता, ती वाट अण्णांच्या अंगाने पकडीवरचा उपाय म्हणून शोधलेली होती. पकड तशीच ठेवून वाट बदलली असती तर चेंडू थेट उजवीकडेच गेला असता. त्यामुळे ती बदलायला त्यांचं अंग तयार होत नव्हतं, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं.

वर्नियर

दुसऱ्या भेटीला अण्णा खिशात वर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं उपकरण, घालून आले. क्लबचा सेट सेकंडहँड घेतलेला, आणि दांड्यावरची रबराची मूठ, म्हणजे ग्रिप, आपल्या हाताला जाड आहे की काय अशी त्यांना शंका होती. शंका अगदी योग्य जागी होती. पुरुषांच्या नेहमीच्या ग्रिपचा व्यास वरच्या टोकापासून दोन इंच खाली ०.९ इंच, म्हणजे साधारण २२.९ मिलिमीटर असतो. मिडसाइजचा त्याहून एक षोडशांश इंच जास्त, २४.४ च्या आसपास. अण्णांनी सात क्लब मोजले आणि आकडे २४ च्या पुढेच येत राहिले. आधीच्या मालकाचा पंजा मोठा असणार. अण्णांचा ग्लोव्ह मीडियम.

हातानेही हे कळतं. डाव्या हाताने क्लब धरला की मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं अंगठ्याच्या फुगीर भागाला जेमतेम टेकली पाहिजेत. मधे फट राहिली तर ग्रिप जाड, बोटं तळव्यात रुतली तर बारीक. अण्णांची बोटं टेकतच नव्हती. जाड ग्रिप बोटांत मावत नाही, ती आपोआप तळव्यात सरकते. म्हणजे सवय अर्धी हाताची होती, अर्धी रबराची.

ग्रिप त्यांनी स्वतःच बदलल्या, आपल्याच शॉपच्या बेंचवर. जुनी ग्रिप हुक ब्लेडने अंगापासून दूर कापत काढायची, आणि शाफ्ट ग्रॅफाइटचा असेल तर पात्याचं टोक आत रुतू द्यायचं नाही, नाहीतर शाफ्ट गेलाच. जुनी टेप खरवडायची, नवीन दुहेरी चिकट टेप लावायची, टेपवर आणि ग्रिपच्या आत थिनर ओतायचं आणि ओलं असतानाच एका दमात ग्रिप शेवटपर्यंत ढकलायची. थांबलात तर अर्ध्यावर अडकते. व्हाइसमध्ये शाफ्ट थेट कधी आवळायचा नाही, रबराचा तुकडा मधे हवाच. शाफ्टच्या टोकाचा व्यास आणि ग्रिपच्या आतला व्यास जुळतो का, हे अण्णांनी आधीच मोजून मागवलं होतं. बहुतेक जण हेच विसरतात आणि नव्या ग्रिपा पुन्हा जाड होऊन बसतात. रात्रभर सुकवल्यावर ग्रिप पक्क्या बसल्या आणि अण्णांच्या चेहऱ्यावर मैदानावर कधी न दिसलेलं समाधान दिसलं.

करंगळीचा प्रश्न

उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीत गुंतवायची, अशी अण्णांची पकड होती. का, तर टायगर वुड्स तसं धरतो. जॅक निकलॉसही तसंच धरायचा. पकड चांगलीच आहे, पण तिला वाकणारी करंगळी लागते. अण्णांची करंगळी वाकत नसल्याने ती बोटांच्या बेचक्यात खोलवर घुसायची, उजवा हात त्यामागे ओढला जायचा आणि दांडा उजव्याही तळव्यात जायचा. वर हे सांभाळायला डावा हात आणखी डावीकडे वळायचा.

मी त्यांना करंगळी गुंतवू नका, वर ठेवा असं सांगितलं. उजवी करंगळी डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या खाचेवर नुसती टेकते, ही पद्धत जर्सी बेटावरच्या हॅरी व्हार्डनच्या नावाने ओळखली जाते. व्हार्डनने ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली, १८९६ ते १९१४ च्या दरम्यान, आणि तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्याच्याही आधी स्कॉटलंडचा हौशी खेळाडू जॉनी लेडली असंच धरायचा, पण नाव व्हार्डनचं झालं. तिसरी पद्धत दहाही बोटं दांड्यावर ठेवायची. हात लहान किंवा ताकद कमी असेल तर मी ती शिकवतो. अण्णांना तिची गरज नव्हती, त्यांच्या मनगटात ताकद होती ती पुरून उरेल इतकी.

अण्णांचा पहिला प्रश्न, "करंगळी वर ठेवली तर क्लब सुटून नाही जायचा?" नाही. क्लब धरायचं काम उजव्या हाताची मधली दोन बोटं करतात, करंगळी फक्त दोन हात जोडून ठेवते.

हात बसवताना

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि चेंडू एकही मारला नाही.

आधी क्लबचं तोंड. खालची कड लक्ष्याला काटकोनात, आणि हात लावण्याआधीच. मग डावा हात बाजूला सैल सोडायचा आणि तो स्वतःहून किती वळलेला लटकतो ते पाहायचं. अण्णांच्या हाताच्या तशाच दोनेक गाठी दिसत होत्या. हेच आपलं मूळ वळण, यात जबरदस्ती नको. क्लब जमिनीवर टेकवून नाही, थोडा वर उचलून धरायचा, म्हणजे तो बोटांत येतो. दांडा करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका, वरून गादी, अंगठा मधापासून किंचित उजवीकडे. मग उजवा हात. त्याची आयुष्यरेषा डाव्या अंगठ्यावर बरोबर बसते आणि अंगठा दिसेनासा होतो. उजव्या हाताची खाचही डाव्या हाताच्या खाचेला समांतर.

सांगितलं तेवढं अण्णांनी ऐकलं, हात उजवीकडे फिरवला आणि विजयाने माझ्याकडे पाहिलं. गाठी अडीच दिसत होत्या. पण क्लबचं डोकं पाहिलं तर तोंड पार डावीकडे बंद. त्यांनी हातासोबत क्लबही फिरवला होता! हात आणि क्लबचं नातं जसंच्या तसं, नुसती सगळी जोडणी वळली. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच लोकांचं असंच होतं, आणि मग ते म्हणतात की पकड बदलून काही फरक पडला नाही. क्लब तसाच राहायला हवा, फिरायचा तो फक्त हात. शेवटी मी क्लबचं डोकं माझ्या बुटांमध्ये धरून ठेवलं आणि त्यांना हात काढून परत ठेवायला लावलं, पुन्हा पुन्हा. घरी वहिनींचं म्हणणं होतं की टीव्हीसमोर बसून हे काय करायलायत कोण जाणे. मी तेच सांगितलं होतं: जाहिरात लागली की क्लब सोडायचा, परत धरायचा.

शिकवणीसाठी बोटांचे साचे असलेल्या ग्रिपा मिळतात. घरी वापरायला हरकत नाही. पण नियमानुसार खेळताना पटर (चेंडू छिद्राकडे हलकेच ढकलायची काठी) सोडून बाकी क्लबची ग्रिप गोलच असली पाहिजे, बोटांसाठी साचा चालत नाही. संपूर्ण लांबीवर एक सरळ, किंचित उंच रेघ तेवढी चालते. अण्णांनी नव्या ग्रिपा मुद्दाम तशा रेघेच्याच घेतल्या होत्या. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, कारण रेघ जराशी वाकडी बसली की हातही कायमचा वाकडा बसतो. पण त्यांनी रेघा शाफ्टवर सूत धरून बसवल्या होत्या, त्यामुळे बोलायला जागा नव्हती.

आवळणं

दहाच्या पट्टीवर दहा म्हणजे जीव खाऊन आवळणं, तर क्लब चार-पाचला धरायचा. डाव्या हाताची शेवटची तीन बोटं आणि उजव्याची मधली दोन, दाब एवढ्यांतच. अंगठे आणि तर्जन्या पाहुण्यासारख्या. अण्णांचा हात नऊवर होता. त्यांच्या कॅडीचं पोरगं कितीतरी दिवस त्यांना कन्नडमध्ये सांगत होतं, "बिगि हिडीब्याड्री, साहेब," म्हणजे घट्ट धरू नका, आणि अण्णा हो हो म्हणत आणखी आवळत होते. आवळलेल्या हाताचे कोपरापर्यंतचे स्नायू ताठरतात, मनगट वळत नाही आणि तोंड पुन्हा उघडं राहतं. नुसतं "सैल धरा" सांगूनही भागत नाही, कारण सैल धरणारा माणूस खाली येताना घाबरून एकदम आवळतो. आकडा कुठलाही असो, तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच राहायला हवा.

बेळगावच्या पावसात हे अवघड होतं. जूनपासून पाऊस बसला की ग्रिप ओली, हात ओले, मग माणूस आवळणारच. उपाय साधे आहेत. बॅगेत छत्रीच्या काड्यांना टॉवेल लटकवून ठेवायचा, दोन ग्लोव्ह आलटून पालटून घालायचे, आणि जमलं तर पावसाचे ग्लोव्ह घ्यायचे, जे ओले झाल्यावर जास्त घट्ट धरतात. महिन्यातून एकदा ग्रिप कोमट पाण्याने आणि साबणाने ब्रश करून धुवायच्या. घामाच्या तेलाने चकाकायला लागलेलं रबर निसटतं आणि निसटलं की हात आवळतोच.

बिघाड, अपेक्षेप्रमाणे

नवी पकड घेऊन चेंडू मारायला लागल्यावर पहिला आठवडा वाईट गेला. अण्णांचा सकाळीच फोन. "ओ सर, आता सगळे डावीकडं जायलेत. हे कसलं औषध?"

औषध लागू पडल्याची ती खूण होती. तोंड आता बंद होऊ लागलं होतं, पण वाट अजून जुनीच, डावीकडे ओढणारी. दोन्ही डावीकडे असल्यावर चेंडू डावीकडेच सरळ जाणार. वळण गेलं होतं, दिशा राहिली होती. आता वाटेवर काम करायचं, आणि ते आता सोपं होतं कारण अंगाला डावीकडे ओढायचं कारणच उरलं नव्हतं. जमिनीवर एक क्लब लक्ष्याकडे तोंड करून आडवा ठेवला. अण्णांचे पाय त्या रेषेपेक्षा कितीतरी डावीकडे उभे होते आणि त्यांना तेच सरळ वाटत होतं. पाय, कंबर, खांदे त्या क्लबला समांतर आणले, तेव्हा म्हणाले, "मी तर उजवीकडं बघायलोय." फटका मारला तेव्हा चेंडू जवळजवळ मधून गेला आणि त्यावर त्यांनी काहीच बोलायचं टाळलं.

ड्रायव्हर सगळ्यात शेवटी घेतला. आधी वेज, मग सेव्हन आयर्न, मग फाइव्ह वुड. लांब क्लब आधी घेतला की जुना घाबरटपणा परत येतो, हात आवळतो आणि कमावलेलं गमावून बसतो. अण्णांनी मधे एकदा गुपचूप ड्रायव्हर मारून पाहिला होता. ग्लोव्हवरून कळलं. नव्या ग्लोव्हच्या त्याच जागी कातडं खरखरीत व्हायला लागलं होतं.

आजची स्थिती अशी. अण्णांचा चेंडू सरळ निघतो आणि शेवटी थोडा उजवीकडे झुकतो. तो झुकाव मी मुद्दाम काढला नाही. निकलॉससारखा खेळाडू आयुष्यभर असा चेंडू पसंत करत होता, आणि बेन होगन या अमेरिकी खेळाडूला तर हुकमधून, म्हणजे डावीकडे वळणाऱ्या चेंडूतून, सुटायला आपली पकड उलट डावीकडे वळवावी लागली होती. अण्णांना जे औषध, ते होगनला विष ठरलं असतं. झाडीत आता चेंडू क्वचित जातात. ग्लोव्ह एक पूर्ण पावसाळा टिकला.

सध्या त्यांनी पटर काढला आहे आणि तिथे सगळं उलटं निघाल्याने ते वैतागले आहेत. ग्रीनवर, म्हणजे छिद्राभोवतीच्या हिरवळीवर, मनगट वळू द्यायचं नसतं, म्हणून पटरचा दांडा मुद्दाम तळव्यातून, आयुष्यरेषेच्या बाजूने न्यायचा आणि दोन्ही अंगठे वरून सरळ ठेवायचे. पटरची ग्रिप नियमानुसार चपटीही चालते, ती त्याच कामासाठी. अण्णांनी पुन्हा वर्नियर काढला आहे.